न पाहता म्हटलेलं ‘सेट’

२० नोव्हें.
ताई राळेगावले घरी. पायलटची बॅग खाटेखाली. गावाले सांगतलं, सुट्टी आहे. कायची सुट्टी! चौकशी होईस्तोवर उडणं बंद.

२२ नोव्हें.
आज बोलली. विमान धावपट्टीकडं चाललं होतं. ताई को-पायलट, त पंखाचे फ्लॅप, उडायले उचल देणाऱ्या झडपा, खाली करायचा दांडा तिच्याकडं. हात गेला, तेवढ्यात टॉवरनं धावपट्टी बदलवली. हात रेडिओवर. दांडा राह्यला तो राह्यलाच. मंग कॅप्टननं विचारलं, “फ्लॅप?” ही म्हणे, “सेट.” रोजच्यासारखं. पाहिलं दोघांनीही नाही. इंजिनं रेटली अन् फ्लॅप नाहीत म्हणून विमानाचाच भोंगा! थांबले. वापस. मागं एकजण उशीर झाला म्हणून बोंबलला, बस्स.

दोन माणसं म्हणतात झालं, यंत्र म्हणते नाही. एवढं मोठं धूड, पोटात माणसं, अन् त्याले खोटं समजते. अरे बापा.

मी याची कथा लिहायले बसली. ‘सेट’ लिहिलं. पुढं जाईना.

२५ नोव्हें.
ताई अंगणात खुर्चीवर, डोळे मिटून. हवेतला दांडा ओढते, डोळे उघडून पाह्यते, मंगच बोलते. परत. परत. शेजारची काकू: “काय वं, पोरीच्या अंगात आलं का?” माय: “आलं. नारळ आणा.”
हसली मी. मंग त्या हवेतल्या दांड्याच्या जागेतून कोंबडी उडाली, त मीच धावून तिले हाकललं.

२७ नोव्हें.
कॅप्टनचा फोन. दोघांनी पाहिलं होतं, दांडा नंतर सरकला असेल, एवढंच चौकशीत म्हण म्हणे. रिटायरमेंट जवळ आहे त्याची. ताई: “जी सर.” जेवली नाही.

२९ नोव्हें.
कापसाची ट्रॉली भरली. बाबा ट्रॅक्टरवरून न वळता ओरडतात, “पिन?” मागच्यानं जोडाची पिन पाहून “हाय” म्हणायचं. लहानपणापासून मीच म्हणते. आज डोळे फोनात. “हाय!”
ओसरीतून ताई: “थांबा!”
पिन अर्धीच बसलती. मले वाटलं, आता शिव्या. बाबा ताईकडंच पाह्यत राह्यले. तिनं येऊन पिन पुरी ठोकली, पाहिली, मंग म्हणे, “हाय.”

१ डिसें.
उद्या चौकशी. ताईले नागपूरच्या बसवर सोडायले गेलती.
“काय सांगशीन?”
“पाहिलं नाही म्हणून.”
“अन् सर?”
“त्यांचं ते सांगतीन.”
“मंग?”
“मंग भोंगा वाजीन.”
कंडक्टरनं घंटी मारली. ताई खिडकीतून वाकून मागं पाह्यत होती, बसचं दार नीट लागलं का ते.