दादासाहेबाचं खोटं रडणं

५ जानेवारी, सोमवार
सावेडीतल्या आमच्या कॉलनीच्या नाटकात मला दादासाहेबाचा रोल. सख्ख्या भावाला घराबाहेर काढतो, आणि पोलीस दारात आले की त्याच्याच पायावर पडून रडतो. भाऊ विरघळतो. मग हा प्रेक्षकांकडे बघून हसतो. शिसारी आली. नाटक बसवणाऱ्या कल्याणसरांना म्हटलं, याला शेवटी आत टाका. ते म्हणाले, तू आधी पाठांतर कर.
संकल्प: रोल करायचा, पण मनात तिरस्कार ठेवून.

१३ जानेवारी, मंगळवार
सासूबाई संक्रांतीला बेलापूरहून एसटीने येणार होत्या. जयाने बजावलं होतं, आई एकटी आहे, स्टँडवर जा. पण तालीम होती. फोनवर सांगितलं, नागापूरलाच अडकलोय, कंपनीत मशीन बंद पडलंय. नाटकाचं सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. बायकोच्या मनाचाही विचार करावा लागतो.
सासूबाई वाट बघून रिक्षा शोधायला निघाल्या आणि पडल्या. उजवं मनगट फ्रॅक्चर. फूटपाथ अगदी थर्ड क्लास.

१४ जानेवारी
जया बॅग भरायला लागली. आईला घेऊन बेलापूरला जाते, तुम्ही राहा मशीनसोबत, म्हणाली. मी सासूबाईंच्या पायावर कपाळ टेकलं. दोन हुंदके. डोळ्यांत पाणी होतंच. आधी कांदा चिरला होता, हा योगायोग.
त्या म्हणाल्या, "उठा जावईबापू. मशीनच बंद पडल्यावर तुमी तरी काय करनार?"
बॅग रिकामी झाली. मन स्वच्छ असलं की असं होतं.

१९ जानेवारी
तालमीत रडणं जमेना. कल्याणसर म्हणाले, ओंडका रडतोय. साहजिक आहे. नाटकी माफी ज्याने कधी मागितलीच नाही त्याला कसं जमणार? शेवटी घरचा प्रसंग आठवून केलं. कपाळ, दोन हुंदके, बोटांच्या फटीतून समोरच्याचा चेहरा. कल्याणसर म्हणाले, जमलं. अभिनयात प्रामाणिकपणाच कामी येतो.

२६ जानेवारी
प्रयोग. पहिल्या रांगेत जया, शेजारी सासूबाई, हात झोळीत. मी भावाच्या पायावर पडलो. मांडव चिडीचूप. तेवढ्यात सासूबाई जयाला म्हणाल्या, "आगं, ह्ये तर आपल्या घरी झालं हुतं. असंच. बोटातनं बघत हुते."
सगळ्यांना ऐकू गेलं. हशा. पुढचा संवाद विसरलो.
नंतर कल्याणसरांनी नारळ देऊन माझं कौतुक केलं. आपल्या या बिभीषणने एक तालीम बुडवली नाही, म्हणाले, अगदी संक्रांतीच्या आदल्या दिवशीसुद्धा संध्याकाळभर इथेच होता.
काही माणसांना कुठे काय बोलावं कळत नाही. किळस येते.
जयाने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून खाली वाकत होतो. ती म्हणाली, "राहू द्या. नारळ पडेल."

२८ जानेवारी
जया बेलापूरला गेली नाही. प्लॅस्टर निघेपर्यंत आई इथेच, आणि तिची वेणीफणी तुम्ही करायची, असा हुकूम. जया शिक्षिका, शाळा सकाळची. मी सासूबाईंसमोर बसलो, आवाज जड केला, म्हटलं, माझं फार चुकलं.
त्या म्हणाल्या, "रडू नगा. फनी घ्या."

३० जानेवारी
सासूची वेणी घालणारा जावई अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. आज दोनदा सोडायला लावली. भांग वाकडा होता म्हणे. कंपनीत लेट मार्क.