पोटावरचा पाहुणा

११ फेब्रुवारी
दोन ऑपरेशनं? मला तर एकच ठाऊक आहे!

जाग आली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. मग हात पोटावर गेला. उजव्या बाजूला पिशवी. कोमट. सिस्टरना विचारलं, ही कुणाची? "तुमचीच हो. पुन्हा आत नेलं ना तुम्हाला!" आठवतं ते एवढंच — हुडहुडी, दगडासारखं पोट, आणि नवऱ्याचा चेहरा, वरून, उलटा.

१२ फेब्रुवारी
सर्जनबाई पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. गर्भाशयात असतं तसलं अस्तर बाहेर वाढून माझ्या आतड्यात रुतलं होतं; पाळीतल्या कळा त्याच्याच. तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडायची, हे आधीच ठरलेलं. तो सांधा सुटला. पोटभर घाण झाली. मग सगळं धुऊन काढलं, आणि सांधा भरेपर्यंत आतडं वरच्या वरच पोटाबाहेर वळवून दिलं. मळ आता तिथूनच पडणार, म्हणून पिशवी. "तात्पुरती आहे," म्हणाल्या.

"चूक कुणाची?"

"काहींचा सुटतो. तुम्हाला बोलले होते मी."

बोलल्या होत्या, खरंय. पण 'काहींचा' म्हणजे माझा, हे कुठं बोलल्या होत्या?

१५ फेब्रुवारी
संडासला लागल्यासारखं होतं. भिंत धरत जाते, बसते. काही नाही. रस्ताच बंद आहे, होणार काय! शरीराला अजून कुणी कळवलेलंच दिसत नाही.

२२ फेब्रुवारी
घरी आले. नवरा सिस्टरकडून पिशवी बदलायला शिकून आलाय. मी आढ्याकडे बघत पडून राहिले. तो बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड कोमट पाण्यानं पुसत होता, जीभ बाहेर काढून, लहान मुलं चित्र रंगवताना काढतात तशी. मध्येच पोटावरून पर्रर्र! तो न दचकता म्हणाला, "या, या, बसा."

हसू फुटलं, टाके ओढले, मग रडूच आलं. नक्की कशाचं, ते कळलं नाही. पोटावरच्या त्या तोंडाला नाव मात्र पडलं — पाहुणा.

२ मार्च
ताई येऊन गेली. सूप आणलं, चादरी बदलल्या, आणि जाताना दारात म्हणाली, "बरी होतीस की गं! महिन्यातून चार दिवस दुखायचं. हौसेनं पोट फाडून घेतलंस."

तेव्हापासून डोक्यात भुंगा. पाळी यायच्या आधीच ती कळ सुरू व्हायची. संडासात दातांत टॉवेल धरून बसायचे, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. आत कुणीतरी सुरी फिरवतंय असं. ताईला यातलं काहीच सांगता आलं नाही. आणि आता माझंच मला खात्रीनं सांगता येईना — खरंच इतकं होतं? का मीच नाजूक? दुखणं गेलं की दाखवायला काही उरत नाही. पिशवी दिसते सगळ्यांना.

९ मार्च
भांडले नवऱ्याशी. दुसऱ्या ऑपरेशनला सही त्याची. "पिशवी लावणार हे माहीत होतं तुला?"

"सांगत होते काहीतरी. मी ऐकलंच नाही."

"ऐकलंच नाहीस?"

"तू वाचतेस का, एवढंच विचारत होतो मी."

यावर चिडायचं असतं की नाही? मी चिडले. मग त्याच्याच खांद्यावर झोपले.

६ एप्रिल
चष्म्याच्या दुकानात परत रुजू. ढगळ कुडता, खाली पाहुणा. डोळे तपासायच्या खोलीत अंधार असतो ते बरंय. एका आजोबांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत नेहमीचंच विचारत होते — "हे बरं दिसतंय, की आधीचं?" आजोबा वैतागले. "अहो, दोन्ही धुरकटच आहेत!" अगदी मनातलं बोलले. तेवढ्यात पाहुणा गडगडला. आजोबांनी स्वतःच्याच पोटावर हात ठेवून माफी मागितली. मी मागू दिली.

१४ एप्रिल
तपासणी. सांधा भरत आलाय म्हणे. पण उठता उठता सर्जनबाई म्हणाल्या, "खालून काही वेगळं यायला लागलं तर लगेच या. सांधा सुटलेल्यांना कधीकधी आतडं आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं."

म्हणजे अजून आहेच काहीतरी! आता दर वेळी संडासात गेले की आधी कपडे बघते. नवरा विचारतो, "काय झालं?" काही नाही म्हणते. काही नाही म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नाही.

२१ एप्रिल
दुकानात होते. लालसर डाग. थोडासा. पुसला, तर पुन्हा. पोट दुखत नाही, ताप नाही, काहीच नाही — म्हणजे आत भोकच पडलं! पुन्हा फाडणार. पाहुणा कायमचा राहणार. मालकांना काय सांगून निघाले आठवत नाही. रिक्षात नवऱ्याला फोन केला, नुसतं "ये" म्हटलं. आता दवाखान्यात बाहेरच्या बाकावर लिहितेय. अक्षर बघ कसलं येतंय! आत बोलावलं —

२१ एप्रिल, घरी
भोक नाही. सर्जनबाईंनी नीट तपासलं. "ऑपरेशनाआधी इंजेक्शनं देऊन थांबवलेली पाळी पुन्हा सुरू झालीय, एवढंच."

मी म्हटलं, "शक्यच नाही. अजिबात दुखत नाहीये."

त्या हातमोजे काढता काढता थांबल्या. "अहो, पाळी अशीच असते."

अशी? बाकीच्या बायकांची — इतकी वर्षं — अशी?