लिंबू वगळून

मी, गल्लीच्या टोकावरील लाँड्रीची मालकीण, डोके ठिकाणावर असताना व कोणीही भरीस न घालता, माझ्या स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; त्यात सुनेचा उल्लेखच नव्हता.

१. राहते घर मुलगा व सून यांना समाईक. वरची हवेशीर खोली नातीची.

२. लाँड्री इस्त्र्यांसह माझ्या धाकट्या बहिणीस. दिराला काहीही मिळू नये. माझा लेप "कातडीचं काहीही बरं करतो" असे सांगून तो त्याने परस्पर विकला. मी असे कधीच म्हटले नव्हते.

३. लेपाविषयी लिहिणे भाग आहे. नातीला तान्ही असल्यापासून इसब. मी आईच्या पद्धतीने खोबरेल तेल, कोरफडीचा गर आणि लिंबाचा रस घोटून लावत असे. सून औषधशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "आई, हे लावू नका." मी म्हणाले, "मग तुझ्या पुस्तकांनी खाज थांबव." तेव्हापासून आम्ही मुलामार्फतच बोलत होतो.

एका सकाळी पोरीने खाजवून कोपर रक्तबंबाळ केले. सून माझ्या खोलीत आली. "यावर झालेलं संशोधन मी वाचलंय. ऐकाल?" मी खुर्ची पुढे केली.

तिने सांगितले ते असे: खोबरेल तेलाने कोरडेपणा कमी होतो, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. कोरफडीने गार वाटते, पण इसब बरे होण्याचा भक्कम पुरावा नाही. लिंबू मात्र फुटलेल्या कातडीला झोंबते, वर उन्हाने डाग पडतात.

"तेल तुमचं, डॉक्टरांचं मलम माझं. चालेल?"

"आणि लिंबू?"

"चहात."

मला हसू आवरले नाही. नात आता शांत झोपते. माझा जीव भांड्यात पडला आहे. माझा दगडी खल सुनेस द्यावा.

४. माझ्या मागे माझी त्वचा भाजलेल्या रुग्णांसाठी द्यावी. त्वचापेढीला ताबडतोब कळवावे. सोड्याच्या पाण्याने माझे हात पार गेले आहेत, ते कोण घेणार, असे मी सुनेला विचारले. ती म्हणाली, "हातांची नाही घेत, पाठीची आणि मांड्यांची घेतात. तिथे तुम्ही अजून तरुण आहात." हे वाक्य वकिलांनी काढायला सांगितले होते. मी ठेवले आहे.

सही: लाँड्रीवाल्या बाई

आम्हा दोघांसमक्ष वाचून सही केली:
समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)
कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: आज, रविवार, लाँड्रीची सुटी