बेलेमला आले, तुझ्याकडे नाही

बेलेम,
मंगळवार, १३ ऑगस्ट

चि. मारिनाल्वा,

आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तूही बरी असशील.

पाकिटावर तिकीट नाही याचं नवल करू नकोस. शनिवारपासून मी तुझ्याच शहरात आहे. चर्चच्या बायकांबरोबर सहलीला आलेय. हो, सहलीला, या वयात.

नुसता वैताग आहे. आमची पुढारीण दोना झुलेइका गळ्यात शिट्टी घालून फिरते. आंब्यांच्या सावलीत जरा टेकलं की शिट्टी. काल तिने आम्हाला तिकीट काढून जंगल दाखवलं! शहराच्या मधोमध कुंपण घातलेलं जंगल, झाडाझाडाला पाटी. मी म्हटलं, "बाई, हेच झाड माझ्या मोरीमागे आहे. त्याला दोरी बांधून मी कपडे वाळत घालते."

"ओनेइदे, जरा मजा कर की गं!"

"करतेय. किती वाजता संपते तेवढं सांग."

पाट्या मात्र एकूण एक वाचल्या. चाळिशीत औषधांच्या बाटल्यांवरून वाचायला शिकलेल्या बाईला पाटी सोडवत नाही. हॉटेलात आसाईच्या फळांचा गर मागितला, तर साखर आणि केळं घालून आला. आपल्यासारखा सोबत तळलेला मासा कुठाय विचारलं, तर वाढणारी हसली.

रविवारी पोट दुखतंय सांगून मी तुझ्या गल्लीत आले होते. फाटकाशी तू भाजीवालीशी भांडत होतीस, "मावशी, हा कसावा आहे की सरपण?" मग हसलीस. तुझ्या वडिलांसारखीच, अगदी अदेमारसारखी, नाकातून. मी चष्मा पुसला आणि परत फिरले.

आता लिहितेच.

तुझे वडील गेल्याचं मी तुला कळवलं ते त्यांना माती दिल्यावर. फोन बंद होता, असं मी सांगितलं. आपल्याकडे चोवीस तासांत माती देतात आणि बोटीला तीस तास लागतात, म्हणून तुला ते पटलं. फोन चालू होता, मारिनाल्वा.

बर्फाच्या कारखान्यातला म्हातारा व्हाल्देसी सकाळीच दारात आला होता. "पोरगी बेलेमला ना, वहिनी? किती लाद्या पाठवू?" बोटीने येणाऱ्या लेकरांसाठी गाव थांबतं, शवपेटीखाली बर्फ घालून, हे तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "नको. कोणी येणार नाहीये."

शेवटचे अकरा दिवस ते तुझंच नाव घेत होते. एकोणीस वर्षं मी त्या माणसाचं सगळं केलं, आणि मी पाणी पाजलं तरी "मारिनाल्वा आली का?" मला राग आला. एक दिवस तरी ते फक्त माझे असावेत, असं वाटलं. तसे झाले. पेटीजवळ मी एकटी बसले, आणि मला रडूसुद्धा आलं नाही.

त्याला चार वर्षं झाली. त्यांच्याबद्दल बोलावं असं एकच माणूस होतं, आणि मी त्याच्याशीच खोटं बोलले.

माफ कर असं लिहीत नाही, ते तुझं तू बघ. पण ते तुला बोलावत होते, हे तुझं आहे. ते मी अडवून ठेवलं होतं.

आज दुपारच्या बोटीने सगळ्या परत जाताहेत. मी जात नाहीये असं झुलेइकाला सांगितलं, तेव्हा तिने आकाशपाताळ एक केलं. हे पाकीट तुझ्या दाराखालून सरकवते आणि समोरच्या दवाखान्याच्या बाकावर बसते. शिव्या द्यायच्या असतील तर बाहेर येऊन दे. मला घाई नाही.

तुझ्या वडिलांची बायको,
ओनेइदे