ढगाळ संध्याकाळची किल्ली

१४ नोव्हें., गुरु.
डेमो झाला. सकाळपासून आभाळ भरलेलं, दुपारी भुरभुर. ऑफिसच्या गच्चीवरच्या दुर्बिणीला मीच झाकण लावून वर प्लॅस्टिक बांधलं. उपग्रह डोक्यावर यायच्या आधी काढायला निघाले तर माझा भागीदार सलील म्हणाला, "मी काढतो. तू खाली शेखसाहेबांना सांभाळ."

शेखसाहेब जहाज कंपनीचे. पटलं तर त्यांच्या जहाजांचे सगळे संदेश आमच्या कुलपात. समजावलं त्यांना: संदेश उघडायची किल्ली उपग्रहाकडून प्रकाशाच्या कणांवरून येते, मधे कोणी डोकावलं की कण बिघडतात, लगेच कळतं. आणि एक किल्ली एकदाच वापरायची. त्यांनी विचारलं, "ढग असले तर?" मी तोंड उघडायच्या आत सलील, "आत्ता बघाच!" आणि आली की किल्ली. टाळ्या. मला तर भरूनच आलं. इतकी वर्षं दोघांनी वाघोलीच्या धुळीत...

१५, शुक्र.
गच्चीवर गेले. प्लॅस्टिक तसंच, गाठ माझीच. आत झाकण घट्ट. म्हणजे काल प्रकाशाचा कणसुद्धा आत गेलेला नाही. फसवावं तेही धड नाही, झाकण काढायला विसरला शहाणा!

विचारलं. लपवलंही नाही त्याने. "मंगळवारच्या चाचणीची किल्ली लावली. ढगांतून काय येणार होतं, कप्पाळ?"
"मला का नाही सांगितलंस?"
"अगं, तुला खोटं बोलता येत नाही. तू मनापासून सांगतेस म्हणून तर त्यांना पटतं."
हे त्याने कौतुकाने म्हटलं. अंगाचा तिळपापड झाला. माझा खरेपणा वापरला मेल्याने, मला न विचारता.

१७, रवि.
आई म्हणे, "सलीलला बोलाव, मटकीची उसळ केलीय." कॉलेजपासून आमच्याकडे जेवतोय तो. न्हाणीघरात जाऊन रडले.

१८, सोम.
आभाळ स्वच्छ. आज खरी किल्ली आली, चोख. सलील खूश. "बघ, चालतं ना? मग गुरुवारी खोटं काय दाखवलं?"
"काहीच नाही. फक्त ढगांतूनही येते असं दाखवलंस."
पावसाळाभर साहेबांची जहाजं काय जुन्याच किल्ल्या फिरवणार? कोणी एक जरी पळवली तर? म्हणाला, "तोपर्यंत काहीतरी करू."

१९, मंगळ.
दुपारी शेखसाहेबांचा फोन. "मॅडम, करार समोर आहे. सही करण्याआधी फक्त आपल्याला विचारतो. गुरुवारी पाहिलं ते वरूनच आलं होतं ना?"
सलील समोरच. माझ्या तोंडाकडे बघत नुसती मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.
"साहेब, उद्या सकाळी फोन केला तर चालेल?"
ते म्हणाले, "चालेल. पण आपणच करा."
फोन ठेवल्यावर सलील म्हणाला, "थँक्स."
"कशाबद्दल?" मी विचारलं.
तो उठला आणि चहा सांगायला गेला.