अकरा जणींची कबुली

सिस्टर, मी पुन्हा कॉलेजात जाते. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून, पुंडलिकनगरहून रिक्षानं. विषय सायबर सुरक्षा, एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. तुमच्या काळात हा विषय नव्हता, म्हणून थोडक्यात सांगते: लोकांची यंत्रांत साठवलेली गुपितं चोरांपासून कशी राखायची, याचं शिक्षण. वर्गातली मुलं मला काकू म्हणतात, सर मॅडम म्हणतात, आणि घरी हे रोज विचारतात, "आमच्या विद्यार्थिनीचा डबा भरला का?" तुम्ही असतात तर कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात विचारायचात तसं नखं कापलीत का, एवढंच विचारलं असतंत.

या सगळ्याला कारण एक पोलीस. म्हणजे तो पोलीस नव्हताच. एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, मागं झेंडा. माझ्या नावानं परदेशी चाललेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, मला अटक झालीय, फोन बंद करायचा नाही, खुर्चीवरून उठायचं नाही. याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, हे आता मला परीक्षेपुरतं पाठ आहे. तेव्हा मात्र त्यानं एक वाक्य उच्चारलं आणि माझं सगळं संपलं. "हमको सब पता है, मॅडम. बस आपके मुँह से सुनना है." सिस्टर, हे वाक्य तुमचं. ते ऐकताच माझी पाठ आपोआप ताठ झाली, हात मांडीवर आले, आणि "येस सर" म्हणून मी शाळेतलं एक जुनं पाप त्याला सांगून टाकलं. तो गोंधळला. "वो छोडो मॅडम, पार्सल का बोलो." पार्सलाचं मला काहीच माहीत नव्हतं, तरी मी आठवायला लागले होते.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाई मुकुंदवाडीहून आल्या. दारातूनच म्हणाल्या, "दोडका करू का भेंडी?" मी हळूच म्हणाले, "थांबा, मला अटक झालीय." त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून पाहिलं. "माझा दीर हवालदार हाय. ठाण्यात बसून डोस्क्यावर टोपी कोण घालतंय? अन् पोलिसाला एवढा वेळ असतो व्हय गप्पा हाणायला?" मग त्यांनी फोन उचलून बंद केला, टेबलावर पालथा घातला आणि म्हणाल्या, "दोडकाच करते. भेंडी लई जून हाय."

पैसे वाचले, अब्रू गेली. देवगाव रंगारीचा माझा धाकटा भाऊ वर्षभर फोनवर हॅलोच्या ऐवजी "जामीन मिळाला का गं ताई?" म्हणत होता. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इतकी वर्षं नोकरी केलेली बाई एवढी मूर्ख कशी, हे कुणी तोंडावर विचारत नव्हतं, पण मला मात्र त्याचं उत्तर हवं होतं. म्हणून प्रवेश घेतला. जुनी बी.एस्सी. कामी आली.

गणित जमलं, संगणकाची भाषाही जमली. अडलं ते एका प्रात्यक्षिकावर. चोर लोकांना फोनवरून बोलतं कसं करतात, हे आपण स्वतः करून दाखवायचं. कॉलेजच्या कार्यालयातल्या प्रत्येकाला एकेक गुप्त शब्द चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो. तो कुणालाही सांगायचा नाही, विद्यार्थ्यांचे फोन येणार आहेत, अशी त्यांना लेखी सूचनाही असते. तरीही आपण तो काढून घ्यायचा. दोनदाच बसता येतं. दोन्ही वेळा नापास झालं तर पदवी नाही. म्हणजे मी कायमची ती अटक झालेली बाईच राहणार.

पहिल्या खेपेला माझ्या वाट्याला ग्रंथालयातली मुलगी आली. मी म्हणाले, "नमस्कार, मी संगणक विभागातून बोलतेय. म्हणजे खरं तर तशी नाही, पण तसं समजा." पलीकडून लगेच आवाज आला, "काकू, परीक्षेचा फोन का? ऑल द बेस्ट हां!" सरांनी कपाळाला हात लावला. माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत ते. "मॅडम, तुम्ही इथं हल्लेखोर आहात. हल्लेखोर माफी मागत नसतो." मी म्हणाले, "सर, मला खोटं बोलता येत नाही." ही बढाई नव्हती हो सिस्टर. तुम्ही आमच्यातला तो भागच काढून टाकला होता, टॉन्सिल काढतात तसा.

घरी येऊन भाजी निवडत बसले होते, तेव्हा तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी सातवीत आहे. नाताळ आठवड्यावर आलाय आणि केकसाठी भिजत घातलेल्या मनुकांची उंच बरणी अर्धी झालीय. वसतिगृहातल्या आम्ही बारा जणी भिंतीला पाठ लावून उभ्या आहोत आणि तुम्ही एकेकीला आत बोलावताय. दार किलकिलं आहे. तुम्ही चष्मा काढता, झग्याच्या टोकानं पुसायला लागता, आणि केरळहून आणलेल्या तुमच्या मराठीत म्हणता, "मला सगळा माहीत आहे. फक्त तुझ्या तोंडातून ऐकायचा आहे." मग गप्प. पुढं काहीच नाही. नुसता चष्मा. पहिली मुलगी अर्ध्या मिनिटात रडायला लागते. दुसरीही मनुका आपणच खाल्ल्या म्हणते. तिसरी मनुकांबरोबर घंटेची दोरी तोडल्याचंही कबूल करते, जी माकडांनी तोडली होती. अर्ध्या बरणीसाठी एकूण अकरा जणींनी गुन्हा कबूल केला आणि अकराही जणींनी आठवडाभर पातेली घासली. बारावी मी. माझं शेवटी सांगते.

दुसऱ्या खेपेला माझ्या वाट्याला हेडक्लार्क आले. सगळं कॉलेज त्यांना टरकून असतं. एका दाखल्यासाठी माणसाला तीन खिडक्या फिरवतील, पण तोंडातून शब्द काढणार नाहीत. सरांनी स्पीकर चालू केला. वर्गातली पोरं श्वास रोखून बसली. मी नाव सांगितलं नाही, विभाग सांगितला नाही. इतकंच म्हणाले, "मला सगळं माहीत आहे. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय." आणि चष्मा काढून पदरानं पुसायला लागले.

"कोण बोलतंय?" मी पुसतेय. "हॅलो? मॅडम?" मी दुसरी काच घेतली. मग पलीकडून मोठा सुस्कारा आला. "कुणी सांगितलं तुम्हाला? कँटीनवाल्यानं ना? खुदा कसम मॅडम, रेकॉर्ड रूममध्ये मी फक्त पाच मिनिटं पाठ टेकली होती. रोज नाय टेकत." मी काचेवर फुंकर घातली. "अन् तो चिठ्ठीवरला शब्द म्हणत असाल, तर तो फक्त बायकोला सांगितला. कोथिंबीर. तिला वाटलं आणायची हाय, तिनं दोन जुड्या आणल्या. बाकी कुणाला नाय सांगितला, आईशप्पथ." मागच्या बाकावर एकजण हसता हसता खाली पडला. मला हसू येईना. त्या संबंध फोनमध्ये मी एकच खोटं बोलले होते, की मला सगळं माहीत आहे. म्हणजे तुम्हालाही तेव्हा काहीच माहीत नव्हतं! खोटं बोलू नका म्हणून आमचे हात सुजवणाऱ्या सिस्टर, तुम्ही अकरा वेळा खोटं बोललात.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षक बाई होत्या. त्यांनी विचारलं, ही युक्ती चालते का? मी म्हणाले, प्रत्येकाच्या मनात काही ना काही असतंच, समोरच्यानं फक्त गप्प बसायचं असतं. माझ्या अटकेचंही सांगितलं, पहिल्यांदाच, मान वर करून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि समोरच्याला खरंच माहीत असेल तर?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्याला खरंच माहीत असतं, मॅडम, तो विचारत नाही." आणि मी तिथंच थांबले. त्यांना वाटलं उत्तर संपलं. त्यांनी गुण लिहिले. पास झाले, सिस्टर. चांगले गुण आहेत.

थांबले ते तुमच्यामुळे. सगळ्यांत शेवटी मी आत आले, तेव्हा तुम्ही ते वाक्य म्हणालाच नाहीत. चष्मा पुसलात, डोळ्यांवर चढवलात, माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "तू जा. पाणी पी आणि झोप थोडा." मला वाटलं, केवढा हा विश्वास! त्या दुपारी शिवणाच्या तासाला सुईत दोरा ओवता ओवता मी तुमच्यासमोरच झोपले होते, हे मी लक्षातच घेतलं नाही. मनुका भिजल्या होत्या तो द्राक्षाचा रस नव्हता, रम होती, हे तर मला लग्नानंतर कळलं. नाताळला तुम्ही स्वतःच्या हातानं केक वाटलात. माझ्या तुकड्यात एकही मनुका नव्हती. मी त्याला नशीब म्हटलं.

हे पत्र मी लॅपटॉपवर लिहिलंय, पासवर्ड लावून. ते पाठवायचं नाही. पण वसतिगृहातून जाणारं प्रत्येक पत्र तुम्ही आधी वाचायचात, तेव्हा न पाठवलेलं वाचायची तुम्हाला सवय आहे. त्या खोट्या पोलिसाला सांगितलं ते तुम्हाला सांगितलेलं नाही, हे बरं दिसत नाही. मनुका मी खाल्ल्या. तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून सांगायचं राहून गेलं.