वेताळाची बैठक

अण्णा, पोलादपूरच्या वरच्या माळावर आता काही उरलेलं नाही. राहिलेले दगड गेल्या आठवड्यात जेसीबीने उपटले. तिथे कुणा मुंबईकराचा बंगला व्हायचा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं. मोडायला सुरुवात तुम्ही केलीत.

गाव त्याला वेताळाची बैठक म्हणायचं. गोल मांडलेले कमरेएवढे दगड, त्यांना शेंदूर, आणि आत जायचं ते फक्त वरच्या आळीतल्या पुरुषांनी. आपल्या वाडीची सावलीसुद्धा आत पडलेली चालत नसे. तुम्ही गावच्या शाळेवर गुरुजी म्हणून आलात आणि चौथीचा वर्ग घेऊन सरळ रिंगणात शिरलात. मी त्या वर्गात होते. तुम्ही मधोमध उभे आहात, शर्ट घामाने पाठीला चिकटलाय, आणि विचारताय, "हात लावा. काय आहे?" पोरं मागे सरतात. तुम्हीच सांगताय, "दगड आहे. मोठ्यानं म्हणा!" आम्ही ओरडलो. त्या दुपारी तुमच्या अंगावर धावून आलेली माणसं मला अजून दिसतात. तुम्ही जागचे हलला नाहीत, तेही दिसतं.

भीती गेली तसे दगड जायला लागले. एक गोठ्याच्या जोत्यात गेला, काही शेताच्या बांधाला लागले. "देव कामाला लागले," म्हणून तुम्ही हसलात.

पुढे मी महाडच्या कॉलेजातून इतिहासाच्या सरांना माळावर आणलं. ते म्हणाले, हे शिळावर्तुळ आहे. माणसाला लिहिता येत नव्हतं तेव्हाचं, कुणीतरी आपल्या मेलेल्यांसाठी मांडलेलं. वेताळ त्यात मागाहून घुसला, आणि विटाळही. मी धावत घरी आले. तुम्ही चुलीपाशी चहा गाळत होतात. म्हटलं, "अण्णा, ते दगड राखायला हवेत. तुम्ही सांगितलंत तर गाव ऐकेल." तुम्ही वर पाहिलंतही नाही. "कॉलेजात हेच शिकवतात? दगडाच्या पाया पडायला?"

पाया कुणाला पडायचं होतं? ज्यांनी आपल्याला त्या जागेवरून हाकललं, त्यांची ती जागा कधीच नव्हती, एवढंच वर्गाला सांगायचं राहिलं होतं. अर्धा धडा शिकवून तुम्ही फळा पुसलात. दर मार्चला मला चवदार तळ्यावर नेणारे तुम्हीच ना? पाणी आपलं झालं, आता तळं बुजवा, असं तिथे कुणी म्हटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी जेसीबीपुढे उभी राहिले. जमीन विकणारा वरच्या आळीतला, चौथीत माझ्याच वर्गात असलेला. त्याला कायदा सांगून झाला, इतिहास सांगून झाला. शेवटी म्हटलं, "हात लावू नकोस. वेताळाची जागा आहे. घराला लागेल."

तो पोट धरून हसला. "गुरुजींची लेक तू, न् वेताळ सांगतेस गो? आमच्याच हातनं शेंदूर खरवडून घेतला व्हता त्यांनी. काय झाला आमाला?" ड्रायव्हर हसला. बांधावर जमलेल्या त्याच्या घरच्या बायकाही हसल्या. भीती एकीच्याही तोंडावर नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि तुम्हाला माफही केलेलं नाही. पण ती माणसं हसली तेव्हा, राग यायच्या आधी, मला तुमचा अभिमान वाटला. तो वाटायला नको होता.